‘डावा ब्रेक आधी’ : टेकडीवरच्या एका सायकल फेरीचा प्रकरण अभ्यास

(व्यक्ती, वस्ती आणि टेकडी ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत.)

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या उताराला चिकटून असलेली एक वस्ती. तिथे संध्याकाळी एक अभ्यासिका चालते. अभ्यासिकेतल्या मुलांना टेकडी नवी नव्हती. सरपण, क्रिकेट, पतंग, करवंदं यासाठी ती लहानपणापासून वर जात होती आणि रखवालदाराने हाकललं की खाली पळत होती. कोणी मोठी माणसं आपल्याला सायकलवरून तिथे फिरवायला नेणार, हे मात्र नवं होतं.

फेऱ्या काढणारा गट नऊ जणांचा, सगळे नोकरदार आणि हौशी सायकलस्वार. त्यांतला एक काही वर्षं कॅलिफोर्नियात राहून परतलेला. तिथल्या मरिन काउंटीत मॅरिलिन प्राइस यांनी १९८८ साली ‘ट्रिप्स फॉर किड्स’ हे काम सुरू केलं. गरीब घरांतल्या मुलांना माउंटन बाइकवर डोंगरात न्यायचं, आणि जुन्या सायकली दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानातून खर्चाचा काही भाग काढायचा, असं त्याचं स्वरूप. मरिन म्हणजे माउंट टॅमलपायसचा परिसर, जिथे १९७० च्या दशकात माउंटन बाइकिंग आकाराला आलं. या सदस्याने तिथून ही कल्पना आणली आणि घरसामानाबरोबर दोन सायकलीही आणल्या. या प्रकरणात दोन्हींचा हात आहे, सायकलींचा जरा जास्तच.

ऑक्टोबरअखेर पाऊस ओसरल्यावर फेऱ्या ठरल्या. महिन्यातून दोन रविवार, सकाळी सात ते दहा. मुलं १२, वय १२ ते १५, त्यांत मुली पाच. बरोबर मोठी माणसं चार: एक पुढे, एक सगळ्यांत मागे (ट्रेकवाल्यांच्या भाषेत ‘टेल’), दोघं मध्ये. रस्ता नऊ किलोमीटरचा, मुरूम आणि सुट्या खडीचा, मध्ये एक मोठा चढ आणि परतताना तोच उतार.

गटाने काही गोष्टी पहिल्यापासून नीट केल्या होत्या. सगळ्या स्वयंसेवकांचं पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र घेतलं होतं. कोणत्याही मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाने राहायचं नाही, मुलींबरोबर एक तरी बाई असायला हवी आणि चेहरे दिसतील असे फोटो कुठेही टाकायचे नाहीत, हे ठरलेलं होतं. हेल्मेटं तीन मापांची होती: ४८ ते ५२, ५२ ते ५६ आणि ५६ ते ६० सेंटिमीटर. ती बसवण्याची रीतही पक्की होती. कडा भुवईच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा जोड कानाखाली, हनुवटीखाली एखाद-दुसरं बोट जाईल इतकीच जागा. उंच पोनी किंवा अंबाडा असला की हेल्मेट मागे सरकतं आणि कपाळ उघडं पडतं, म्हणून मुलींना मानेशी खाली वेणी घालून यायला सांगितलेलं होतं. निघण्याआधी प्रत्येकाला दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ दिले जात, कारण पहिल्या फेरीत तीन मुलं उपाशीपोटी आली होती आणि चढावर एकाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

सायकली

ताफा बारा सायकलींचा; कमी पडतील त्या सायकली स्वयंसेवक घरून आणत. सहा नव्या, २४ इंची, सात गिअरच्या. चार ओळखीतून मिळालेल्या, २६ इंची, इथेच विकत घेतलेल्या. आणि दोन अमेरिकेतून आलेल्या, त्याही २६ इंची, मोठ्या माणसाच्या मापाच्या.

इथल्या सायकलींना, मोटरसायकलसारखाच, पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि मागचा डाव्या. अमेरिकेत सायकलींची रीत उलटी आहे: डावी मूठ, म्हणजे ब्रेकचा दांडा, पुढच्या चाकाला. पहिल्या दोन फेऱ्यांत या दोन सायकली मोठ्या माणसांनीच चालवल्या. एकीवर मालक, म्हणजे तो परतलेला सदस्य, स्वतः असे, दुसरीवर त्याचा जोडीदार, आणि दोघांनाही फरक ठाऊक होता. गटाच्या यादीत सायकलीचा क्रमांक, चाकाचं माप आणि गिअरची संख्या होती. ब्रेकच्या बाजूचा रकाना नव्हता.

वस्तीतल्या मुलांच्या सवयीचाही इथे संबंध आहे. बहुतेक जण भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या जुन्या सायकलवर शिकलेले. काही तर उंची पुरत नसताना नळीखालून पाय घालून. अशा सायकलींचा पुढचा ब्रेक बहुधा निकामी असतो, नाहीतर वायर तुटल्यावर कोणी पुन्हा घातलेलीच नसते. मागचा लागतो, पण शू (रिमवर दाबले जाणारे रबरी तुकडे) झिजलेले असल्यामुळे चारही बोटांनी जीव खाऊन दाबावा लागतो. उतार दिसला की डावी मूठ घट्ट आवळायची, हे त्या मुलांच्या हातात बसलेलं होतं.

गटाची सूचनाही त्याला धरूनच होती. प्रत्येक फेरीआधी पुढचा स्वयंसेवक मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचा: “डावा ब्रेक आधी, उजवा हळू.” इथल्या सायकलींसाठी ही सूचना चुकीची नव्हती.

त्या रविवारी काय झालं

ही एकूण तिसरी फेरी, डिसेंबरमधली. सायकली आदल्या रात्री छोट्या हत्तीत भरल्या. त्या टेम्पोत आठ-नऊ सायकली उभ्या नीट बसतात. बारा कोंबल्या की एकीचं हँडल दुसरीच्या आऱ्यांत जातं. मध्ये गोणपाट होतं, पण एका २४ इंची सायकलीवर गिअरच्या बाजूने दुसरी रेलली. सकाळी ती उतरवली तेव्हा काही दिसलं नाही. पहिल्या चढावर मुलाने हलका गिअर टाकताच चेन सगळ्यांत मोठ्या चक्राच्याही आत जाऊन आऱ्यांना घासायला लागली. मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे ज्या छोट्या पट्टीवर तो टांगलेला असतो ती, आत वाकली होती.

मुलगा रडकुंडीला आला. एका मुलाला खाली बसवून बाकीच्यांनी पुढे जायचं, हे कोणाला सांगवेना. पाच मिनिटांत अदलाबदल झाली. मधल्या स्वयंसेविकेने आपली इथली २६ इंची सायकल एका उंच मुलीला दिली, त्या मुलीची २४ इंची रडणाऱ्या मुलाला गेली, आणि स्वयंसेविका अमेरिकेहून आलेल्या सायकलीवर बसली. तिचा स्वार, म्हणजे मालकाचा जोडीदार, बिघडलेली सायकल हातात धरून चालत मागे राहिला. इथवर ठीक होतं. माथ्यावर पाण्यासाठी थांबले असता उंच मुलगी म्हणाली, “ताई, ही फार जड आहे, तुमची बघू?” ताईने दिली. ही मुलगी आठवीतली, वय १३.

उतार सुरू झाला. पहिल्या वळणाआधी मुलीने शिकवल्याप्रमाणे डावी मूठ आवळली, जुन्या सवयीने चारही बोटांनी. त्या सायकलीला शुक्रवारीच नवे ब्रेक शू बसवले होते आणि व्ही-ब्रेक (दोन हातांनी दोन्ही बाजूंनी रिम आवळणारे ब्रेक) मुळातच जोरकस असतात. पुढचं चाक जागीच थांबलं, मागचं उचललं गेलं आणि ती हँडलवरून पुढे उजव्या हातावर पडली. वेग फार नव्हता. हेल्मेट जमिनीला टेकलंही नाही.

जागेवरचे निर्णय

मागून येणाऱ्यांना थांबवायला टेल वर उभा राहिला. हे पहिल्या मिनिटात झालं म्हणून बरं, कारण मागून आणखी चार मुलं येत होती आणि दोघांत ठेवायचं वीस पावलांचं अंतर कोणीच पाळत नव्हतं.

मुलीला लगेच उठवलं नाही. मान दुखते का, बोटांना मुंग्या येतात का, काय झालं ते आठवतं का, असं विचारून झालं. मान ठीक, डोकं ठीक. मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकडं दिसत होतं आणि सुजायला लागलं होतं. त्या हातात पाच-सहा काचेच्या बांगड्या होत्या. स्वयंसेविकेने आधी त्या काढल्या, कारण सूज चढल्यावर बांगडी कापावी लागते आणि तोवर ती रक्त अडवत राहते. मग वर्तमानपत्राची जाड गुंडाळी हाताखाली कोपरापर्यंत लावून पट्टीने बांधली आणि ओढणीची झोळी गळ्यात अडकवली. बोटांची नखं दाबून रंग परत येतो का ते दर काही मिनिटांनी पाहिलं. केळं मागितलं तरी दिलं नाही, कारण हाड बसवायला भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असणं बरं.

१०८ ला फोन करायचा की नाही, यावर दोन मिनिटं गेली. मान किंवा डोक्याला लागलं असतं तर हलवायचंच नव्हतं. इथे मुलगी शुद्धीत होती, चालू शकत होती आणि टेम्पोचा रस्ता सहाशे मीटरवर होता. म्हणून तिला चालवत नेलं. स्वयंसेविका आणि मालकाचा जोडीदार तिच्याबरोबर गेले. उरलेल्या अकरा मुलांना दोन पुरुष स्वयंसेवकांनी सायकली हातात धरून खाली आणलं. चार मुलींबरोबर एकही बाई नव्हती. गटाचा स्वतःचाच नियम तिथे मोडला, आणि नियम करतानाच तो मोडणार हे दिसायला हवं होतं: चार जणांत एकच बाई असेल तर पहिल्या अपघाताला ती निघून जाणार.

सरकारी रुग्णालयात एक्स-रे झाला. मनगटाजवळचं हाड मोडलं होतं, मुलांच्या हाडांत होतं तसं एका बाजूने पिचलेलं. डॉक्टरांनी ते सरळ बसवून प्लास्टर घातलं आणि चार आठवड्यांची मुदत सांगितली. आईचा फोन लागत नव्हता. ती धुण्याभांड्याच्या कामावर होती आणि अर्जात दिलेला दुसरा नंबर बंद होता. ती आली तेव्हा साडेबारा वाजले होते.

अडचण

हाड जुळणार होतं. गटापुढची खरी अडचण संध्याकाळी उभी राहिली.

पालकांच्या संमतीपत्रात शेवटची ओळ होती: ‘अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.’ कोणत्या तरी ट्रेकच्या अर्जातून ती उचललेली होती. सह्या घेताना अभ्यासिकेच्या ताईंनी बाकीचं सगळं वाचून दाखवलं होतं, ही ओळ नाही. मुलीच्या वडिलांनी त्या संध्याकाळी शेजारच्या मुलाकडून कागद वाचून घेतला आणि अभ्यासिकेत येऊन विचारलं, “आम्हाला वाचता येत नाही म्हणून सही घेतली का?”

कायद्याच्या बाजूनेही ही ओळ फारशी उपयोगाची नाही. निष्काळजीपणा झाला असेल तर पालकांच्या सहीने तो पुसला जात नाही. म्हणजे तिचं संरक्षण काही नव्हतं आणि अविश्वास मात्र पुरेपूर पदरात पडला.

दुसरी अडचण गटाच्या आतली. त्याच रात्री लिहिलेल्या अपघात नोंदीची पहिली ओळ अशी होती: ‘मुलीने घाबरून पुढचा ब्रेक जोरात दाबला.’ सगळ्यांना ते पटलं. मंगळवारी सायकल तपासायला काढली तेव्हा ओळ खोटी ठरली. मुलीने शिकवलेला डावाच ब्रेक दाबला होता, आणि या सायकलीला तोच पुढचा होता. सायकलीच्या मालकाने मूठ धरून चाक ढकललं आणि गप्प झाला. मुलगी घाबरली नव्हती. तिने सूचना अक्षरशः पाळली होती.

नोंद वस्तुस्थितीला धरून पुन्हा लिहिली गेली. पण पहिली नोंद तोवर अभ्यासिकेकडे गेली होती, आणि तिथून ‘पोरगी घाबरली’ एवढंच वस्तीत पोचलं होतं.

विचारात घेतलेले पर्याय

गटाची बैठक दोनदा झाली, दुसऱ्या वेळी अभ्यासिकेच्या ताईही होत्या.

फेऱ्या बंद कराव्यात, असं तिघांचं म्हणणं होतं. विमा नाही, प्रशिक्षण नाही, पुढच्या वेळी डोकं फुटलं तर काय? हे म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. ताईंचा विरोध मात्र वेगळ्या कारणाने होता. एक मुलगी पडल्यावर फेऱ्या बंद झाल्या, तर तिच्यामुळे सगळ्यांचं गेलं असंच वस्तीत म्हटलं जाईल.

मैदानावरच शिकवावं, टेकडी नको, हा दुसरा पर्याय. सुरक्षित खरा, पण मैदानावर मुलं तिसऱ्या आठवड्याला कंटाळतात, आणि पुढे ती टेकडीवर स्वतःच्या सायकली घेऊन जातातच, हेल्मेटशिवाय.

ज्यांना चांगली चालवता येते त्यांनाच न्यावं, असंही सुचवलं गेलं. यादी काढून पाहिली तर त्यात सात मुलगे आणि एक मुलगी उरत होती. हा पर्याय तिथेच मागे पडला. खरं तर तो सगळ्यांत सोपा होता आणि पुष्कळ गट नकळत तोच निवडतात. ‘इच्छुक’ मुलं म्हणून जी उरतात ती कोण असतात ते मोजून पाहावं.

चौथा पर्याय खर्चाचा आणि वेळखाऊ: पाच आठवडे थांबायचं, ताफा नव्याने लावायचा, गट लहान करायचा, आधी मैदान आणि मग टेकडी. तोच घेतला.

पैशांचा प्रश्न राहिला. औषधं आणि रिक्षाचे पैसे पहिल्या दिवशीच गटाने दिले होते. मुलीला तपासणीला नेण्यात आईचे चार दिवस बुडाले. ती भरपाई द्यावी का, यावर मतभेद झाले. पैसे दिले म्हणजे चूक कबूल केली, असं एकाचं म्हणणं. पण चूक तर होतीच. आईने सांगितलेल्या हिशोबाने चार दिवसांचे पैसे दिले, अभ्यासिकेच्या ताईंसमोर, मुलीला बाहेर पाठवून.

काय केलं

ब्रेक. दोन्ही परदेशी सायकलींच्या ब्रेकच्या बाजू बदलल्या. व्ही-ब्रेकमध्ये हे घरी करता येतं. चाकाजवळचे दोन हात बोटांनी आवळून वाकड्या नळीतून वायर मोकळी करायची. मुठीवरच्या फिरत्या नळीची खाच आणि मुठीची खाच एका रेषेत आणली की वायरचं टोक बाहेर निघतं. मग दोन्ही वायरी आवरणासकट अदलून बसवायच्या. एका सायकलीत मागचं आवरण आखूड पडलं, हँडल वळवताच ताणलं जात होतं. तिथे नवं आवरण आणि नवी वायर टाकली. दोन्ही सायकलींना मिळून तासाभराहून थोडा जास्त वेळ गेला. मुठीखालचा छोटा स्क्रू आत घेऊन मूठ हँडलजवळ आणली, म्हणजे लहान हाताचं पहिलं बोट सहज पोचतं. शू आणि रिममध्ये एक-दोन मिलिमीटर जागा ठेवली.

बाराही सायकलींच्या उजव्या मुठीवर लाल पट्टी चिकटवली. पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही, हेही ठरलं. प्रत्येक मुलाने बसण्याआधी सायकल हातात धरून एकेक मूठ दाबून पुढे ढकलायची. पुढचा ब्रेक लागला तर मागचं चाक उचलतं, मागचा लागला तर मागचं चाक घसटत येतं. दोन्ही पाहिल्याशिवाय टांग मारायची नाही. याला अर्धं मिनिट लागतं आणि सायकल बदलली की परत करायचं.

सूचना बदलली. ‘डावा आधी’ गेलं. आता मैदानावर चुन्याच्या रेघेपाशी थांबण्याचा सराव होतो: दोन्ही मुठी, एकेक बोट, वळणाच्या आधी. वळणात ब्रेक नाही. उतारावर पायडलं समांतर, बूड सीटवरून थोडं मागे, कोपरं सैल, नजर चाकापुढे नाही तर सात-आठ पावलं लांब. चारही बोटांची सवय मोडायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. काहींना दोन सत्रं पुरली, एकाला चार.

टेम्पो. एका खेपेला आठच सायकली, सीटखाली गोणपाट आणि गिअरची बाजू नेहमी मोकळी. उतरवल्यावर प्रत्येकीचं मागचं चाक हवेत उचलून सगळे गिअर फिरवून पाहायचे. हँगर वाकलेला निघाला तर काय करायचं तेही दोघांना शिकवलं. मागच्या गिअरवर दोन बारीक स्क्रू असतात. ‘एल’ लिहिलेला उजवीकडे फिरवत गेलं की चेन मोठ्या चक्रावर चढणं बंद होतं. हलके एक-दोन गिअर जातात, पण सायकल चालते.

हवा. पंक्चरवाल्याकडे भरलेल्या हवेने टायर दगडासारखे कडक होत होते. तीस-चाळीस किलोच्या मुलासाठी १.९५ इंच रुंद टायरला ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास पुरे. त्याहून फार कमी केली तर दगड आणि रिममध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात. बाभळीच्या काट्याचं पंक्चर वेगळं: ट्यूबला पॅच लावण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवायचं. फडकं अडकलं तिथे मोडलेलं टोक असतं. ते चिमट्याने काढलं नाही, तर नवं पंक्चर शंभर मीटरच्या आत.

माणसं. आठ मुलांमागे तीन मोठी, त्यांत दोन बायका. शुक्रवारी रात्री आठपर्यंत दोन बायकांचं येणं पक्कं नसेल तर फेरी रद्द. हा नियम दोनदा वापरावा लागला आणि दोन्ही वेळा मुलं चिडली.

कागद. संमतीपत्रातली ती ओळ काढली. त्या जागी काय काय होऊ शकतं ते साध्या भाषेत लिहिलं: खरचटणं, हात मोडणं, क्वचित डोक्याला मार. कुठल्या रुग्णालयात नेणार, खर्च कोण करणार, तेही. मुलांसाठी गट अपघात विमा घेतला. ताई आणि एक स्वयंसेवक संध्याकाळी आठनंतर घरोघरी जाऊन कागद मोठ्याने वाचतात आणि दिलेल्या दोन्ही नंबरांवर तिथेच उभं राहून मिस्ड कॉल देतात.

निकाल

जानेवारीअखेर ते मार्च या काळात मैदानावर चार सत्रं आणि टेकडीवर पाच फेऱ्या झाल्या. एक गुडघा सोलला, दोन पंक्चर, एकदा चेन तुटली. ब्रेकमुळे कोणी पडलं नाही.

मुलींचा आकडा मात्र पाचावरून तीनवर आला होता. गटाने गृहीत धरलं की अपघाताने आया घाबरल्या. ताईंनी विचारलं तेव्हा दोघींपैकी एकीचीच आई घाबरलेली निघाली. दुसरीचं कारण असं की रविवारी नळाला साडेसहा ते साडेआठ पाणी येतं आणि पाणी भरायचं काम तिच्याकडे. भावाकडे नाही, म्हणून भाऊ येत होता. फेरी शनिवारी दुपारी साडेतीनवर नेली, महापालिकेच्या शाळा सकाळच्या असल्यामुळे ते जमलं. ती मुलगी परत आली, आणि तिच्याबरोबर आणखी एक, जी आधी कधीच आली नव्हती. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाच वाजता जिथे असतील तिथून माघारी वळायचं ठरलं.

वेळ बदलल्याचा एक न मागितलेला फायदा झाला. रविवारी सकाळी टेकडी फिरायला येणाऱ्यांनी भरलेली असते. पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यायची आणि घंटी लांबूनच वाजवायची हे मुलांना शिकवलं होतं, ती तसं करतही होती. तरी ‘ही पोरं इथे कशाला’ हे दर फेरीला ऐकू यायचं. त्याच वाटेवरून चटपटीत कपड्यांतले मोठे सायकलस्वार सुसाट जायचे, त्यांना कोणी हटकत नव्हतं. दुपारी साडेतीनला वर चिटपाखरू नसतं.

पडलेली मुलगी प्लास्टर निघाल्यावर फेब्रुवारीत आली, पण सायकलवर बसली नाही. दुरुस्तीच्या वेळी येऊन बसायची. ब्रेकच्या वायरींची अदलाबदल तिने डाव्या हाताने पाना धरून पाहिली, मग स्वतः केली. मार्चच्या शेवटच्या फेरीत ती २४ इंची सायकलवर टेकडीवर गेली आणि तो उतार चालत उतरली. तिला कोणी आग्रह केला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

अदलाबदलीच्या त्या पाच मिनिटांत निदान तीन रस्ते मोकळे होते. ‘एल’ स्क्रू फिरवून बिघडलेली सायकल चालती ठेवता आली असती. कोणाला ते येत नव्हतं, आणि पेचकस टेम्पोत राहिला होता. अर्ध्या वाटेवर दोन मुलांनी एक सायकल आळीपाळीने चालवली असती. किंवा स्वयंसेविका बिघडलेली सायकल घेऊन चालली असती आणि परदेशी सायकल मूळ स्वाराकडेच राहिली असती. चौथी गोष्ट याहून लहान: माथ्यावर सायकल हातात देताना स्वयंसेविकेने ब्रेकची बाजू सांगायला हवी होती. पण त्या सायकलीवर तीही चढापुरतीच, तासभर आधी बसली होती, आणि चढावर ब्रेक कोण लावतो?

त्याही आधी, ऑक्टोबरमध्ये, बारा सायकली ओळीने लावून मूठ दाबून पाहिल्या असत्या तर फरक तिथेच सापडला असता. शुक्रवारी नवे शू बसवणाऱ्या स्वयंसेवकाने तर दोन्ही मुठी स्वतः दाबून पाहिल्या होत्या. तो ब्रेक लागतो का एवढंच बघत होता.

नोंद लिहिण्याची घाई नको होती. त्या रात्री वेळ, जागा, सायकलीचा क्रमांक आणि कोणी काय पाहिलं एवढंच लिहून, कारणाचा रकाना सायकल तपासेपर्यंत कोरा ठेवायला हवा होता. गटाच्या छापील अर्जात आता तो रकाना दुसऱ्या पानावर आहे.

अजून न सुटलेलं

माथ्यावर स्वच्छतागृह नाही. मुली निघण्याआधी दोन तास पाणी पीत नाहीत आणि फेरीत बाटली नुसती तोंडाला लावून ठेवून देतात. दोघींचं डोकं चढावर दुखलं, तेव्हा हे लक्षात आलं. चढ सुरू होण्याआधी वस्तीतल्या एका ओळखीच्या घरी थांबणं सुरू केलं आहे, पण तिथून परत खाली येईपर्यंत दोन तास जातात. एप्रिल-मेमध्ये फेऱ्या नाहीत, त्याचं अर्धं कारण ऊन आणि अर्धं हेच.